मुक्कामी गाडी

माझा धाकटा भाऊ शहरात, सावेडीत राहतो आणि जग बुडायची वाट बघतो.

चेष्टा नाही करत मी. चांगला शिकलेला माणूस, नोकरी आहे, लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट आहे. गेल्या भाऊबीजेला गेले तर टीव्हीवर चौघंजण एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. बाजार कोसळणार, तेल संपणार, नोकऱ्या यंत्रं खाणार, ही सगळी आधुनिक संस्कृतीच आता मोडीत निघणार. भाऊ सोफ्यावर मांडी घालून चकली खात खात ते ऐकत होता, आणि खोटं कशाला सांगू, त्याला मजा येत होती. मग मला हाताला धरून त्यानं बाल्कनीतलं कपाट दाखवलं. तांदळाचे डबे, मेणबत्त्या, काडेपेट्या, छोटी शेगडी, औषधं, पाण्याचे कॅन.

"ताई, सगळं कोसळलं ना, की आम्ही सरळ तुझ्याकडं येणार बघ," तो म्हणाला. "तुमच्याकडं विहीर आहे, धान्य आहे, गुरं आहेत. एक खोली आमच्यासाठी राखून ठेव."

"लवकर ये," मी म्हटलं. "आमच्याकडं कोसळून झालं."

तो हसला. भावजय हसली. काय कोसळलं, हे दोघांनीही विचारलं नाही. मी तिथं ओवाळणीसाठी गेले नव्हते. माझ्या लेकीची बारावी अर्ध्यात बंद पडायची वेळ आली होती आणि तिला परीक्षेपर्यंत ठेवून घे, एवढं एकच मागायला गेले होते. त्याचं काय झालं ते सांगतेच, पण आधी गाडीचं सांगायला पाहिजे. कारण आमच्याकडं जे कोसळलं ते गाडीपासून कोसळलं.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या कचेरीत साधे कारकून. दारातून बाहेर पडलं की बाजार, रिक्षा, दवाखाना सगळं हाताशी. लग्न होऊन श्रीगोंद्याकडच्या या गावात आले तेव्हा गावाला जोडणारी एकच गोष्ट होती, एसटीची मुक्कामी गाडी. दिवेलागणीला यायची, रात्रभर गावात थांबायची आणि पहाटे तालुक्याला निघायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपायचे, मारुतीच्या सभामंडपात. त्यांच्या जेवणाची घराघरांत पाळी असायची. ज्या घरी पाळी, त्या घरचं जेवण आणि त्याच घरच्या गोधड्या. कुणी ठरवलेलं, कधीपासूनचं, कुणाला ठाऊक नाही. पण गाडीची पाळी आहे म्हटल्यावर बाई माहेरी जायची थांबायची, इतकं त्याला महत्त्व.

माझी पिठाची गिरणी, घराला लागून, गाडी थांबायची तिथंच आहे, म्हणून मला सगळं दिसायचं. कंडक्टर उतरायचा तो हातात पिशव्या घेऊन. कुणाच्या मिक्सरचं भांडं दुरुस्त होऊन आलेलं, कुणाचा चष्मा, कुणाची औषधं, कुणाच्या लग्नपत्रिका. कधी कुणाला पैसे जास्त लागले नाहीत, की एखादी वस्तू हरवली नाही. माझ्या सासूबाईंना शुगर होती. त्यांच्या रक्ताचा कागद शहरातून कंडक्टरच आणायचा, आणि माझी लेक, तेव्हा एवढीशी, तो उलटासुलटा धरून वाचल्यासारखं करायची. "वहिनी, ही तुमची पोरगी लॅबवाली होणार," कंडक्टर म्हणायचा. तिनं ते डोक्यात घेतलं ते घेतलंच. डॉक्टर नाही, इंजिनीयर नाही, कलेक्टर नाही. आपल्याला रक्त तपासायचं आहे म्हणायची. बारावी सायन्स, मग लॅबचा कोर्स. किती साधं मागणं हो ते.

गाडी आधी बंद नाही पडली. आधी पाळी बंद पडली.

घराघरांत मोटारसायकल आली. येऊ दे की, माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडंही आहे, नवऱ्याला दूध डेअरीवर घालायला लागते. पण गाडीत बसायचं सोडलं, आणि मग एकेका घरानं पाळीही सोडली. "आमी कुठं जातो गाडीनं? मंग आमी कशाला जेवायला घालायचं?" वरच्या आळीतली बाई मला तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुझ्या सासऱ्याचं डोळ्याचं औषध कोण आणतं? तर म्हणे, ते काय, पोरगा आणील की. शेवटी पाळी फिरून फिरून आम्हा चार-दोन घरांवरच येऊन बसली. एकदा मी भाचीच्या लग्नाला गेले होते, तर त्या रात्री दोघं बिस्किटं खाऊन झोपले. परत आल्यावर कळलं तेव्हा मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला, की मी गिरणी बंद करून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. कुणी दार उघडलं नाही.

हेच सगळीकडं झालं. ज्याच्याकडं बोअर, त्याला नळाला पाणी येवो न येवो. ज्याच्याकडं इन्व्हर्टर, तो गावाचा विजेचा डीपी जळाला तरी वायरमनला फोन करणार नाही. ज्याची पोरं शहरात शिकायला, त्याला गावच्या शाळेचं छप्पर गळतंय याचं काय पडलंय? बँकेची शाखा उठून काष्टीला गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. दवाखान्यातला डॉक्टर यायचा थांबला, तर लोकांनी खासगी डॉक्टर शोधला. माझा भाऊ म्हणतो एक दिवस सगळं कोसळणार. डोंबल! एक दिवस कसलं? एकेकानं आपापला हात काढून घेतला की झालं, त्याला आवाजसुद्धा होत नाही.

मग आगारातून निरोप आला, गाडीला उत्पन्न नाही, बंद करावी लागेल. आम्ही काही बायका, म्हातारी माणसं आणि माझा नवरा असे भेटायला गेलो. मी तिथल्या साहेबाला म्हटलं, "साहेब, गाडी भरलेली असते. गावातल्या सगळ्या पोरी तिच्यातनंच शाळा-कॉलेजला जातात."

"त्या फुकट पासवर जातात हो," साहेब म्हणाला. "त्या धरायच्या नाहीत."

धरायच्या नाहीत! पोरांना बापानं गाड्या घेऊन दिल्या, पोरींना कुणी घेऊन दिली नाही. म्हणून त्या लाल गाडीत बसतात. आणि हा माणूस पंख्याखाली बसून म्हणतो त्या धरायच्या नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं पदर धरून बाहेर आणली म्हणून, नाहीतर माझं तोंड काही थांबणार नव्हतं.

त्या रात्री मारुतीच्या देवळात मीटिंग भरली. गाडी जाणार म्हटल्यावर मात्र सगळं गाव जमलं, पाळी सोडलेलेसुद्धा. आणि तिथं आमच्या गावानं जी शक्कल काढली, तशी जगात कुणी काढली नसेल. सप्त्याला घरटी वर्गणी काढतात ना, तशी तिकिटांची वर्गणी. रोज पहाटे ठरलेल्या घरांनी तिकीट घ्यायचं. प्रवास करायची गरज नाही. तिकीट फाडलं की उत्पन्न दिसतंय, उत्पन्न दिसलं की गाडी चालू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून गंमतच सुरू झाली. पहाटे माणसं डोक्याला मफलर गुंडाळून रांगेत उभी. कंडक्टर यंत्र घेऊन दारात. बिचारा म्हणायचा, "अहो, तिकीट घेतलंय तर बसा तरी!"

"बसून काय करू? गाईची धार काढायची हाय. तू फाड."

"असं चालत नाही हो, बापू."

"का न्हाई चालत? पैसं देतोय ना? फुकट मागतोय का?"

तिकीट खिशात घालून माणसं घरी जायची आणि दिवसभर ऐटीत सांगायची, आपण गाडी वाचवली. खरंच, त्या महिन्यात गावात मला वर्षानुवर्षांत दिसला नव्हता असा उत्साह दिसला. वरच्या आळीतल्या त्या बाईनं पाळी परत घेतली. गोधड्या धुऊन वाळत पडल्या. मला वाटलं, सुधारलं गाव.

मग एका सकाळी वाटेत तपासणीचं पथक चढलं. लेक गाडीत होती, तिनं संध्याकाळी सांगितलं. पथकातल्या साहेबानं यंत्र बघितलं, त्यात गाडी गच्च भरलेली. मान वर केली, तर मागं पोरी आणि पुढं एक म्हातारा, पायाशी बोकड.

"बाकीचे प्रवासी कुठायत?"

कंडक्टरनं मागच्या पोरींकडं बघितलं. मग म्हणाला, "घरी आहेत, साहेब. त्यांना यायचं नव्हतं."

"यायचं नव्हतं तर तिकीट कशाला घेतलं?"

"गाडी चालू राहावी म्हणून."

"मला खुळा समजतोस काय?"

पोरी एकदम ओरडल्या, खरं आहे साहेब, खरं आहे. म्हातारा उठून म्हणाला, "मायबाप, माझं तिकीट हाय. बोकडाचंबी हाय." पण साहेबाच्या डोक्यात एकच बसलं होतं. हीच तिकिटं पुढं दुसऱ्या प्रवाशांच्या हातात देऊन हा माणूस पैसे खिशात घालणार. स्वतःच्या खिशातून पैसे घालून एखादं गाव रिकाम्या बाकड्यांची तिकिटं काढतं, हे त्याच्या डोक्यात शिरणार कसं? मीसुद्धा त्याच्या जागी असते तर विश्वास ठेवला नसता.

कंडक्टर त्या दिवशीच निलंबित झाला. आम्ही आगारात लेखी द्यायला गेलो की बाबांनो, आम्हीच तिकिटं घेतली, त्याचा काही दोष नाही. तिथला कारकून चष्म्यावरून बघून म्हणाला, "म्हणजे गावानं मिळून खोटं उत्पन्न दाखवलं, असं लिहून देताय का?" झालं! टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे तिथल्या तिथं मागं सरकले. कुणाला रान भिजवायचं आठवलं, कुणाला पाहुणे. आम्ही उरलेल्यांनी सह्या केल्या. त्या कागदाचं पुढं काय झालं, ते आजवर कळलेलं नाही.

गाडी दुसऱ्याच आठवड्यात थांबली. 'तात्पुरती बंद' म्हणाले. तात्पुरती म्हणजे किती, ते सांगायला कुणी बांधील नाही.

कंडक्टर एकदा आला होता त्यानंतर, स्वतःच्या मोटारसायकलवर. शेजारच्या आजीचा चष्मा दुरुस्तीला नेला होता, तो परत द्यायला. निलंबित झालेला माणूस चष्मा द्यायला एवढ्या लांब येतो, आणि आम्ही सह्या करताना पळून जातो. मी त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला आणि जाताना लेकीला म्हणाला, "लॅबवाल्या बाई, शिकायचं सोडू नका." ती आत जाऊन रडली.

आता पोरींनी जायचं कसं? हमरस्ता लांब, आणि तिथपर्यंत दोन्ही अंगांनी ऊस. आमच्याकडच्या उसात बिबट्या आहे, हे आता लहान पोरही सांगेल. त्याच वर्षी वस्तीवरचं वासरू नेलेलं. पहाटेच्या अंधारात कोणता बाप पोरीला चालत धाडील? खासगी वडापची जीप होती, तिच्यात माणसं कोंबलेली. एक पोर घरी येऊन म्हणाली, ड्रायव्हर गिअर टाकताना मांडीला हात लावतो. जीपवाल्याला कुणी काही विचारलं नाही. त्या पोरीचंच कॉलेज घरच्यांनी बंद केलं. मग दुसरीचं. मग तिसरीचं. सगळ्यांनी पोरींच्याच काळजीपोटी केलं, असं म्हणायचं.

माझा नवरा काही दिवस लेकीला मोटारसायकलवरून न्यायचा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि मध्ये दप्तर घेऊन ती, पाय वर घेऊन बसलेली. डेअरीवर उशीर व्हायला लागला. दूध नासलं म्हणून परत पाठवलं. "अगं, मी तरी काय करू?" तो म्हणाला. "दूध घालू का पोरगी पोचवू?" त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी मला चिडता येईना, आणि चिडता येत नाही याचाच जास्त राग येत होता.

म्हणून मी भाऊबीजेला भावाकडं गेले. कपाटाचं दार लावून त्यानं कुलूप घातलं, तेव्हा मी विचारलं. परीक्षेपर्यंत तेवढं ठेवून घे रे तिला. कामात मदत करील, खाण्यापिण्याचं मी धाडते.

भाऊ टीव्हीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "ताई, तसं काही नाही गं. पण यंदा आमच्या चिरंजीवांचं क्लासचं वर्ष आहे. जागा लहान. त्याला डिस्टर्ब नको. पुढच्या वर्षी बघू ना."

पुढच्या वर्षी! जग बुडालं तर त्याच्या अख्ख्या कुटुंबाला मी खोली राखून ठेवायची, आणि माझी एक पोरगी त्याच्या दिवाणखान्यात मावेना. मी ओवाळलं. ताट खाली ठेवलं आणि न जेवता निघाले. भावजय म्हणत राहिली, अहो ताई, श्रीखंड तरी खाऊन जा. त्या दिवसापासून मी त्याचा फोन उचललेला नाही.

लेकीची हजेरी भरली नाही, प्रॅक्टिकल बुडाली. कॉलेजनं परीक्षेचा फॉर्म अडवला. ती गिरणीत बसायला लागली. दळण घेऊन येणाऱ्या बाया म्हणायच्या, बरं झालं बाई, तुला हाताखाली झाली.

आणि मग ऐका. गाडी बंद होऊन सहा-सात महिने झाल्यावर गावात प्रवासी निवारा आला! माझ्या गिरणीसमोर, गाडी थांबायची त्याच जागेवर. कुण्या पुढाऱ्याच्या निधीतून. फरशी, स्टीलची बाकडी, वर हात जोडलेल्या माणसांचे फोटो. उद्घाटनाला हलगी लावली होती. मी गिरणीचा पट्टा काढला, हाताचं पीठसुद्धा झाडलं नाही आणि सरळ पुढं गेले.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"ताई, आधी निवारा झाला, आता गाडीही येईल," उद्घाटनाला आलेला पाहुणा गोड हसून म्हणाला.

"अहो, गाडी होती तेव्हा आम्ही थंडी-पावसात उभं राहायचो. कुणी निवारा मागितला नव्हता! गाडी मागितली होती!"

नवरा मागनं म्हणत होता, चल, चल. तेवढ्यात लेक गिरणीतनं बाहेर आली. घरी बसवलेल्या बाकीच्या पोरीही गर्दीत होत्याच. ती त्यांना घेऊन गेली आणि सगळ्या त्या नव्या बाकड्यांवर बसल्या. फीत कापायची राहिली होती. कुणीतरी म्हणालं, पोरींनो उठा, साहेबांना फोटो काढायचाय.

"गाडी आली की उठतो," लेक म्हणाली.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणाला तरी लाज वाटेल. फोटोवाल्यानं तसाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला, पोरी बाकड्यांवर, मागं पाहुणे. खाली लिहिलं होतं, विद्यार्थिनींची गैरसोय दूर. तो पेपर गावानं निवाऱ्याच्या भिंतीवर लावला. मी फाडला. पुन्हा लावला. मी पुन्हा फाडला.

उन्हाळ्यात नवऱ्यानं स्थळ आणलं. मी भांडभांड भांडले. अठरा पूर्ण झाली म्हणजे काय, लगेच बाहेर काढायची? तो म्हणाला, "घरात बसून काय करती ती? दळणच टाकती ना? शिकत असती तर मी बोललो असतो का?"  बघून तर जाऊ देत, एवढ्यावर मी कबूल झाले.

पाहुणे मोठ्या गाडीतून आले. घर सापडेना, म्हणून फोन केला तर नवऱ्यानं सांगितलं, नवीन स्टँड दिसतोय ना, त्याच्यासमोर या. गार निवाऱ्यात जरा बसून, तोंड पुसून ते घरात आले. मुलाची मावशी कौतुकानं म्हणाली, गावाची प्रगती चांगली आहे हो तुमच्या.

लेक कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे मांडीवर धरून, खाली मान घालून बसली. मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. मग म्हणाले,

"शिक्षण कुठपर्यंत झालं, बाळ?"

तिनं मान वर केली. खिडकीतून समोरचा निवारा दिसत होता.

"गाडी होती तोपर्यंत," ती म्हणाली.

पाहुणे हसले. पोरगी बोलायला चलाख आहे, असं मावशी म्हणाली. मी उठले, लेकीच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि पोहे तसेच आत नेले.